फोपनारच्या सह्या

बऱ्हाणपूर,
१४ जुलै १९५०

प्रिय सुमन,

तुझ्या नातवाच्या बारशाला मी आले नाही याचा राग तू दोन ओळींत उरकलास, म्हणजे तो फार आहे. काय झालं ते सांगते. त्या दिवशी एकादशी होती आणि एकादशीला मी फोपनारला असते.

फोपनार इथून जवळच, केळीच्या मळ्यांतलं गाव. दोन वर्षांपासून मी तिथल्या बायकांना लिहायला शिकवते. एकादशीला घरातली बरीच माणसं उपासाला असतात, चुलीचं काम हलकं असतं, मग दुपारी बायकांना मारुतीच्या देवळात येऊन बसता येतं. घरी मात्र त्यांनी सांगितलं आहे की आम्ही भजन शिकतो. खोटं पडू नये म्हणून आधी एक अभंग म्हणतो, पारावरच्या पुरुषांना ऐकू जाईल असा, आणि मग पखवाजाच्या खोळीतून पाट्या निघतात. आपल्या जबलपूरच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर सुपीरियरने हे पाहिलं असतं तर तिने आधी मला गुडघ्यावर बसवलं असतं आणि मग बहुतेक हसू दाबायला खिडकीकडे वळली असती.

आता त्यांना सही येते. तेव्हा वाटलं, पहिली सही कशावर करावी? सावकाराच्या कागदावर नको. मुंबईच्या एका शांतता समितीचा छापील कागद माझ्याकडे आला होता. अणुबाँबवर बंदी घाला, ती पाळली जाते की नाही याची सगळ्या देशांनी मिळून तपासणी करा आणि जे सरकार तो पहिल्यांदा वापरेल त्याला गुन्हेगार माना, एवढंच त्यात आहे. मी वाचून दाखवला. एका बाँबने एक शहर गेलं, असं सांगितलं.

"केवढं शहर?" धुरपदाबाईने विचारलं. ती पाटलांची, सुकलाल पाटलांची सून. उंच, बोलायला तिखट, शिकायला सगळ्यांच्या पुढे.

"बऱ्हाणपूरच्या कितीतरी पट."

"मानसंच का ढोरं बी?"

"सगळं."

"भांडन कोनाचं होतं?" गोदाबाई म्हणाली.

"सरकारासरकारांचं."

"मंग गावाले कायले मारलं?"

मी कागद पुढे केला.

आणि तिथेच अडलं. कागदावर पूर्ण नाव हवं. पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं. गोदाबाईने पेन्सिल खाली ठेवली. "जे तोंडानं नई घेत ते हातानं कसं लिहू वो बाई?" बाकीच्याही माना खाली. शेवटी धुरपदानेच वाट काढली. म्हणाली, बापाचं नाव घ्यायला तर कोणाची बंदी नाही. मग सगळ्यांनी माहेरची नावं लिहिली. इकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात, त्यामुळे धुरपदा झाली कौतिक उखर्डू, माहेरच्या जसोंडी गावची. वर्षानुवर्षांनी स्वतःचं नाव लिहिताना त्या कशा एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. मी ते कागद समितीकडे पाठवून दिले.

आता तरी राग गेला का?

तुझी,
मथुरा

*

नागपूर,
३ ऑगस्ट १९५०

प्रिय मथू,

राग गेला, काळजी आली.

मी तुझं पत्र आमच्या साहेबांना अर्धंच वाचून दाखवलं, भजनापर्यंत. ते इतके हसले की पुढचं वाचायचा धीर होईना. पण परवा इथल्या एका वर्तमानपत्रात आलं, 'फोपनारच्या भगिनींचा अणुबाँबला विरोध', तेव्हा ते हसले नाहीत. शिक्षण खात्यात आहेत ते, मथू. त्यांचा सगळा दिवस विलीन झालेल्या संस्थानांच्या शाळा आपल्या खात्यात ओढून घेण्यात जातो, कोणता मास्तर कोणाचा माणूस हेच पाहण्यात. ते म्हणाले, हा कागद एकाच बाजूच्या लोकांनी काढलेला आहे. कोरियात लढाई पेटली आहे, सरकारला कुठल्याच बाजूचं दिसायचं नाही, आणि अनुदानित शाळेची मुख्याध्यापिका असल्या सह्या गोळा करते म्हणजे काय?

मी म्हटलं, बाँब नको म्हणण्यात बाजू कसली? तर मला समजावून सांगायला लागले. आजवर एकाकडेच होता म्हणून वापरला गेला. गेल्या वर्षी दुसऱ्यानेही करून दाखवला. आता दोघांनाही माहीत आहे की आपण टाकला तर आपल्यावर पडेल. म्हणजे आता कोणी टाकणार नाही. भीतीच पहारा करील, असं म्हणाले. ऐकताना पटतं, मथू. नंतर आंघोळ करताना पटेनासं होतं.

आठवतं, जबलपूरला तोफगाड्यांच्या कारखान्याचा भोंगा झाला की आपण पुस्तकं मिटायचो? तिथे काय बनतं हे आपण कधी विचारलंही नाही. भोंगा म्हणजे घरी जायची वेळ, इतकंच. तेच वय बरं होतं.

तुझ्या बायकांनी नवऱ्याचं नाव लिहिलं नाही यावर मी हसले, आणि मग लक्षात आलं की या पत्रात मी तरी कुठे लिहिलंय? तेव्हा हसणं मागे घेते.

आता तू गप्प राहा. कोणी विचारलं तर कमीत कमी बोल.

सुमन

*

बऱ्हाणपूर,
६ सप्टेंबर १९५०

प्रिय सुमन,

कोणी विचारलं तर म्हणालीस. विचारलं.

कोणीतरी अर्ज केला की फोपनारच्या सह्या बनावट आहेत. चौकशीला एक अधिकारी आले. हातात नवी मतदार यादी, निवडणुकीसाठी केलेली. त्या यादीत फोपनारच्या बायका कशा आहेत माहीत आहे? 'देवरामची बायको', 'कडूची आई'. यादी करायला आलेल्या माणसाला परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. आता तिथे कौतिक उखर्डू कुठून सापडणार? अधिकाऱ्यांनी पारावर माझ्या कागदाची नक्कल वाचली. सुकलाल पाटील म्हणाले, "साहेब, या नावाची एक बी बाई आमच्या गावात नई. अन् लिहिनारी तर दुसऱ्या नावाची बी नई."

"मास्तरीणबाईंचा वर्ग चालतो ना इथे?"

"वर्ग कायचा? भजन म्हनतेत. चांगलं म्हनतेत."

दारांच्या आडून सगळ्या ऐकत होत्या. कोणी बोललं नाही. कशी बोलणार?

परवा आमच्या शाळा कमिटीचे सेक्रेटरी लीलाधरशेठ घरी आले. भला माणूस, पण घाबरला की हिंदीत शिरतो. "बाई, ये सब क्या है? फौजदारी होऊ शकते. खोट्या सह्या केल्या म्हणतात. तुम्ही फक्त दाखवून द्या ना, ही सही या बाईची, ती त्या बाईची. बात खतम." दसऱ्यापर्यंत मुदत दिली आहे. नाहीतर नोकरी जाणार आणि वर खटला.

दाखवून देणं किती सोपं आहे, सुमन. एकेका दारावर बोट ठेवायचं. पण वर्गातल्या भागाबाईचा नवरा गेल्या वर्षी तिच्या हातात पाटीचा तुकडा दिसला म्हणून काय करून बसला ते मी तुला लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. धुरपदाच्या सासऱ्याने गावासमोर शब्द दिला आहे की आमच्यात लिहिणारी नाही. त्याचा शब्द खोटा पडला तर तो कोणावर निघेल? मी दाखवलं तर त्या मरतात. नाही दाखवलं तर त्या नव्हत्याच असं ठरतं. दोन दिवस मी या एका खोलीत इकडून तिकडे फिरते आहे, दार सापडत नाही.

भीती पहारा करते, हे अरविंदरावांचं म्हणणं मला पटलं असं सांग त्यांना. फोपनारला मी ते रोज पाहते. हात उगारलेला असतो, बाई गप्प असते, आणि गाव म्हणतं घरात शांतता आहे.

मथुरा

*

नागपूर,
१५ सप्टेंबर १९५०

प्रिय मथू,

दार सापडलं. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

मी साहेबांना सगळं सांगितलं. माहेरची नावं, नवऱ्याचं नाव न घेणं, सगळं. आधी वाटलं चिडतील, पण खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "म्हणजे त्या बाईने काहीच खोटं केलेलं नाही." तुझ्याविषयी त्यांना आदर आहे, मथू, तू समजतेस त्यापेक्षा जास्त. म्हणाले, हे कागदावर आलं की बनावट सह्यांचा मुद्दाच उरत नाही. फक्त पडताळा व्हायला हवा. पडताळ्याशिवाय जगात कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही. मोठ्या राष्ट्रांचं बाँबबंदीचं घोडंही तिथेच अडलं आहे. एक म्हणतो आधी तुमचे कारखाने उघडून दाखवा, मग आम्ही आमचे बाँब मोडू. दुसरा म्हणतो आधी मोडा, मग दाखवू. चार वर्षं झाली, दोघेही दारात उभे.

त्यांनी स्वतः तुमच्या चौकशी अधिकाऱ्यांना लिहिलं आहे. सगळ्या बायका नकोत, एकीची ओळख पटली तरी पुरे, आणि तीही गाजावाजा न करता. तू निर्दोष ठरशील. मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू? काल मी कितीतरी दिवसांनी पेटी काढून बसले.

तुझी,
सुमन

*

बऱ्हाणपूर,
१० ऑक्टोबर १९५०

प्रिय सुमन,

तुझं पत्र आणि अधिकारी एकाच आठवड्यात आले. तुला थांबवायला मला वेळच नव्हता. तू माझ्यासाठी केलंस हे मी जाणते, म्हणून त्याविषयी इतकंच.

मलाही फोपनारला बोलावलं होतं. पारासमोर सगळं गाव. अधिकारी नवऱ्यांनाच विचारत होते, तुझ्या बायकोचं माहेरचं नाव काय? एकालाही धड सांगता येईना. एक म्हणाला, "आली तवापासून गोदाच हाय. आंधी काय होती ते आम्ही कायले पुसाव?" लोक हसले. मलाही हसू आलं, आणि मला वाटलं, सुटलो. यांच्या विसरण्यानेच आम्ही सुटलो.

तेवढ्यात धुरपदाचा भाऊ पुढे आला. जसोंडीहून बहिणीला भेटायला आलेला, कशाचा काही पत्ता नाही. अधिकाऱ्यांनी 'कौतिक उखर्डू' वाचलं तसा आनंदाने म्हणाला, "अरे, हे तं आमची कौतिक. उखर्डू म्हनजे आमचे बाप."

धुरपदाला बाहेर बोलावलं. डोक्यावरून पदर घेऊन ती उभी राहिली. एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला नवरा देवराम. भावाला आता कळलं होतं की आपण काहीतरी केलं, पण काय ते कळत नव्हतं. अधिकाऱ्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. आवाज मऊ होता त्यांचा, खोटं नाही सांगत. "लिहून दाखवा बाई. जमत असेल तर."

तिने पेन्सिल धरली. मग तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पुन्हा इकडे. सुमन, पिंजऱ्यातलं जनावर पाहतं तसं. सुकलाल पाटील तिच्या हाताकडे बघत होते. मला ते सहन झालं नाही.

मी उठले आणि म्हणाले, "तिला लिहिता येत नाही. कोणालाच येत नाही. नावं मी त्यांच्या गप्पांतून ऐकली आणि सह्या मीच केल्या."

मग अधिकाऱ्यांनी धुरपदाच्या हातातून कागद घेतला आणि माझ्या हातात दिला. त्याच कागदावर मी ते लिहून दिलं. कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसने घोटून घेतलेल्या माझ्या अक्षरात.

धुरपदा आत गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहू नये हेच शहाणपणाचं होतं. परतताना बैलगाडीत मला फार दिवसांनी शांत वाटत होतं. नोकरी जाईल. जाऊ दे.

मथुरा

*

नागपूर,
२ नोव्हेंबर १९५०

प्रिय मथू,

तीन पत्रं लिहून फाडली.

खटला होणार नाही, एवढं साहेबांनी पाहिलं. तुझं वय, आजवरची नोकरी, आणि स्वतःहून दिलेली कबुली. पण शाळेत परत घेता येणार नाही. शांतता समितीलाही कळवलं गेलं आणि त्यांनी फोपनारच्या सगळ्या सह्या काढून टाकल्या. प्रकरण मिटलं, पुन्हा उघडणार नाही.

मी साहेबांना म्हटलं, तुम्हाला तर खरं ठाऊक आहे. ते म्हणाले, हो, पण कागदावर तिचीच कबुली आहे. तू खरं सांगत होतीस तेव्हा पडताळा हवा होता, मथू. खोटं सांगितलंस तर एकानेही पडताळा मागितला नाही.

त्यांच्याशी मी गेले काही दिवस कामापुरतं बोलते. घर मोठं आहे, चालून जातं. तू इकडे ये. दिवाळीला ये. माझ्या खोलीत दोन पलंग मावतात, वसतिगृहात होते तसे. तू येऊन माझ्यावर रागाव, पण ये.

तुझी,
सुमन

*

बऱ्हाणपूर,
२५ नोव्हेंबर १९५०

प्रिय सुमन,

दिवाळीला आले नाही, कारण मला कोणाच्याही समोर बसवत नव्हतं. आता लिहिते.

बाजाराच्या दिवशी धुरपदा आली. देवराम केळीची गाडी घेऊन आला होता, तो सौदा होईपर्यंत ती देवदर्शनाचं सांगून माझ्याकडे. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "बसा." तिने मला असं कधी म्हटलं नव्हतं.

"बाई, तुमी कायले बोलल्या?"

मी म्हटलं, "तू सुटायला वाट शोधत होतीस. मी पाहिलं ना."

"काय पाह्यलं तुमी? कागद असा हातावर धरून कोनी लिहितं का? खाली पाटी नई, काई नई. मी टेकायले जागा पाहू ऱ्हायली होती. पाराचा दगड दिसला होता मले."

दोन वर्षं मीच तिला सांगत होते, कागद नीट टेकवल्याशिवाय लिहू नये.

"तू लिहिणार होतीस? सगळ्यांसमोर?"

"मंग काय नुसती उभी ऱ्हाले गेली होती?"

"अगं, मार पडला असता."

"पडला असता. मले पडला असता ना? तो बी पडलाच, भजनाच्या नावाखाली बाईच्या नादी लागली म्हनून. फुकटचा पडला." मग म्हणाली, "तुमी मले विचारलं असतं एकडाव. तुमी तं जवळच होत्या."

तिने राग केला नाही, सुमन. राग केला असता तर बरं झालं असतं. मला वाटत होतं मी तिला वाचवलं. ज्या जागी आजवर तिचा बाप, सासरा, नवरा उभे होते, त्याच जागी जाऊन मी उभी राहिले, आणि तिच्या वतीने बोलले.

वर्ग बंद झाला. देवळाला आता कुलूप असतं, पखवाज पाटलांच्या घरी आहे. पाट्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मग तिने मुद्द्याची गोष्ट काढली. "बाकीच्याइचं मी नई सांगत, त्याइचं त्या पाहतीन. माही एक सही परत लावा. तुमी खोटं बोलल्या असं लिहून द्या. मी येते, कुठं बी येते, लिहून दाखवते."

तुझं पत्र समोर फडताळावर होतं. मी तिला वाचून दाखवलं नाही, पण काय आहे ते सांगितलं. प्रकरण मिटलं, परत उघडत नाही, मी आता काहीही लिहिलं तरी ते पहिल्या कागदाखाली राहील.

खाली रस्त्यावर देवरामची हाक आली. ती उठली, पदर सारखा केला, आणि दारातून मागे वळून विचारलं,

"ज्याइच्या जवळ ते बाँब हायेत, त्याइनं आमचे नावं वाचले होते का?"

"नाही गं. तिथवर गेलीच नाहीत. मधेच काढून टाकली."

"म्हनजे त्याइले कळलंच नई."

"नाही."

"मंग त्याइले वाटत असंन," धुरपदा म्हणाली, "फोपनारच्या बायाइची काई हरकत नई."

आणि जिना उतरून गेली.

मथुरा